अर्जदार मयत

९ जानेवारी

ताई,

तुझं पत्र पोचलं. पहिल्यांदा कामावर संडासात बसून वाचलं, कारण हातात कागद दिसला की मुकादमाचं टाळकं फिरतं. मग जेवणाच्या सुट्टीत परत वाचलं. बाबांच्या घशात गाठ आहे आणि डॉक्टर आवाजाची पेटीच काढणार, वीस मार्चला. खोटं कशाला बोलू, आधी मला हसूच आलं. बाबा दिवसाला बोलतात किती? वीस शब्द, त्यातले बारा 'हूं'. त्यांच्याकडून आवाज काढून घेणार म्हणजे घेणार तरी काय! मग चादरीला हात लावला आणि हात धड चालेनात.

इथलं काम तुला नीट कधी सांगितलंच नाही. हॉस्पिटलांच्या चादरी धुवायला येतात. धुऊन झाल्या की गरम रुळांमधून सपाट होऊन बाहेर पडतात, एका बाजूला मी उभा, दुसऱ्या बाजूला माझा उंच जोडीदार, त्याला मी लंबू म्हणतो. दोघांनी कोपरे धरायचे, जुळवायचे, घडी, पुढची. दिवसाला नऊशे. लंबूची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही. माझे हात बघून त्याने खुणेने विचारलं, काय झालं? मी गळ्यावर बोट फिरवलं. त्याला वाटलं मला कामावरून काढलं. बिचाऱ्याने डब्यातलं अर्धं जेवण मला दिलं.

तर ऐक, मी येतोय. आता माझ्याकडे कायम रहिवासाचं कार्ड आहे. ते मिळेपर्यंत हलायचं नाही म्हणून सात वर्षं दात-ओठ खाऊन बसलो, आता कोण अडवतो? म्हणून काल तिकीटवाल्याकडे गेलो. त्याने कार्ड बघितलं, मान डोलावली. पासपोर्ट बघितला आणि मान थांबली. म्हणाला, अकरा मेला संपतोय, चारच महिने राहिले. मी म्हटलं, चार महिने मला काय करायचेत, मी पंधरा दिवसांत परत. तो म्हणाला, मधे विमान बदलावं लागतं, तिथले लोक सहा महिने बाकी असल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. मी कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. म्हणाला, "या कार्डावर तुम्ही इथे परत आत याल हो. पण परत यायला आधी विमानात बसावं लागतं. आणि विमानवाला कार्ड बघत नाही, पासपोर्ट बघतो."

म्हणजे आधी नवा पासपोर्ट. आज सुट्टी टाकून आपल्या वकिलातीत अर्ज दिला. खिडकीवरची बाई म्हणाली, घरच्या पत्त्यावर पोलीस चौकशीला जाईल, मुलगा यांचाच ना एवढं विचारेल, मग सहा-सात आठवडे. हिशोब जमतो. बाबांना सांग, वीस मार्चच्या आत मी दारात उभा असेन.

भिंगरी

२६ जानेवारी

भिंगरी,

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. 'मला हसूच आलं' हे गाळून. तू येतोस ऐकल्यावर ते उठले आणि कोपऱ्यातली तुझी खाट उलटी करून तिचा एक पाय काढला. सैल होता म्हणे. आठ वर्षं सैल होता तेव्हा कुणाला दिसला नाही.

तब्येत सांगते. गिळताना दुखतं, पातळच खातात. आवाज सकाळी बरा असतो, दुपारनंतर घोगरा होतो, संध्याकाळी नुसती हवा. डॉक्टर म्हणतात गाठ अजून पेटीतच आहे, म्हणून वेळेत काढली तर माणूस वाचतो. पण बोलणं कायमचं जाईल. मी बाबांना म्हटलं, तुमचं तसंही काही अडणार नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "त्याच्याशी एक बोलायचंय. तेवढं झालं की नेऊ देत."

काय बोलायचंय, विचारलं. "तो आला की."

मी म्हटलं, मला सांगा, मी पत्रात लिहिते. "तुला कशाला?"

तू हसशील, पण मला ते साधं वाटलं नाही. तुला माहीत आहे, बाबांना फूट-इंच लिहिता येतात, अक्षर येत नाही. एकदा आवाज गेला की जे राहिलं ते राहिलं. म्हणून ये. तुझी नेहमीची गत करू नकोस, आज हे काम, उद्या ते काम, परवा तिसऱ्याच गावाला.

पोलीस अजून आलेला नाही. मी दिवसभर शिलाईच्या कारखान्यात असते, पण बाबा घरीच असतात, दारातच रंधा मारत बसलेले. रोज विचारते. कोणी आलं नाही म्हणतात.

ताई

३ मार्च

ताई,

आज मी मेलो. तुला कळवावं म्हणून लिहितोय.

सात आठवडे झाले म्हणून वकिलातीत गेलो. दोन तास रांगेत. खिडकीवरच्या बाईने माझा अर्ज शोधला, वाचला, माझ्याकडे बघितलं, परत वाचला. म्हणाली, "हा अर्ज बंद झालाय. अर्जदार मयत आहे."

मी म्हटलं, "बाई, मयत माणूस दोन तास रांगेत उभा राहील का?"

मागचे चार जण हसले. बाई हसली नाही. तिने कागद काचेला लावून दाखवला. आपल्या पोलीस स्टेशनचा शिक्का, खाली बाबांचा अंगठा. मी शाळा सातवीत सोडली असेन, पण एवढं वाचता येतं. 'अर्जदाराचे वडील यांस फोटो दाखविला असता, असा मुलगा होता, तो आठ वर्षांपूर्वी मेला असे त्यांनी सांगितले.'

आठ वर्षांपूर्वी म्हणजे मी घर सोडलं त्या साली. सालही बरोबर सांगितलं म्हाताऱ्याने.

बाहेर आलो आणि सरळ आपल्या गल्लीतल्या वाण्याच्या फोनवर फोन लावला. वाण्याने बाबांना बोलावून आणलं. मी विचारलं, "बाबा, मी मेलोय का?" तिकडून नुसता श्वास. मी परत विचारलं. श्वास. मग फोन ठेवला त्यांनी.

हेच बोलायचं होतं का त्यांना माझ्याशी? मग पोलिसाला सांगून मोकळे झाले, आता मी येऊन काय ऐकू? ताई, त्या दिवशी त्या ठेकेदाराने चौकट दोन सूत चुकली म्हणून भर रस्त्यात बाबांच्या कानाखाली मारली. बाबा गप्प. मी त्याच्या हातावर लाकडी हातोडा घातला. आणि घरी आल्यावर बाबा मला म्हणाले, "तू जा." दोन शब्द. त्यावर मी आठ वर्षं काढली. मला वाटायचं, माझ्या भल्यासाठी म्हणाले असतील. आता कळलं, खरंच 'जा' म्हणाले होते.

त्यांना वीस मार्चला ऑपरेशनला ने. माझ्यासाठी काही थांबवू नकोस. मेलेल्याची वाट कोण बघतं.

मी

२२ मार्च

गाढवा,

हो, गाढवच. समोर असतास तर कान उपटला असता. आता नीट बसून वाच.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी, त्यांना आवाज असताना, मी बाबांसमोर उभी राहिले आणि विचारलं, पोलीस आला होता का? आधी 'नाही'. मग मी अंगठ्याचं सांगितलं. मग हळूहळू निघालं, खिळा उपटावा तसं.

पोलीस आला तेव्हा ते खिडकीची चौकट तासत होते. त्याने तुझा फोटो पुढे केला. "हा तुमचा मुलगा?" बाबांनी आधी फोटो बघितला नाही, गणवेश बघितला. पासपोर्टसाठी पोलीस येईल हे मी रोज सांगत होते, पण गणवेश दिसला आणि त्यांच्या डोक्यात एकच, ठेकेदाराची तक्रार! आठ वर्षांनी पोरगा परत येतोय म्हटल्यावर पोलिसांनी फाईल काढली. विमानातून उतरला की बेड्या.

"होता," म्हणाले.

"होता म्हणजे?"

"मेला."

पोलिसाला वाईट वाटलं रे. त्याने टोपी काढली. कशाने, विचारलं. "तापाने," म्हणाले. अंगठा दिला, पाणी पाजून त्याला वाटेला लावलं आणि परत रंधा घेतला. मला सांगताना म्हणतात, "मेलेल्याला कोणी पकडत नाही." वर चेहरा जिंकल्यासारखा! मी म्हटलं, बाबा, तो पासपोर्टसाठी आला होता. तुम्ही मेला म्हणालात म्हणून आता त्याला येता येत नाही. ते कितीतरी वेळ हातातली पटाशी पुसत राहिले.

आणि फोनवर तू ज्याला श्वास म्हणतोस ना, ते बोलत होते. दुपारची वेळ, आवाज बसलेला. वाणी म्हणाला, नुसते ओठ हलत होते आणि मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. तू ओरडतोयस आणि यांना 'नाही' म्हणता येईना. म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही स्टेशनवर. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी कारकून म्हणाला, "आजोबा, जानेवारीत तुम्हीच मेला म्हणालात."

"म्हणालो."

"मग आता?"

"आता नाही मेला."

"मोठ्याने बोला, ऐकू येत नाही."

बाबा उठून उभे राहिले आणि ओरडले, "पोरगा जिवंत आहे! मी खोटं बोललो, मला आत टाका!" अख्खं स्टेशन बघायला लागलं. त्यानंतर दोन दिवस त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. तिसऱ्या दिवशी वाण्याची आणि माझी साक्ष घेतली, नवा जबाब लिहिला. खोट्या जबाबाबद्दल साहेबाने तासभर बाहेर बाकावर बसवून ठेवलं, तेवढीच शिक्षा.

आणि ऐक. मी त्या कारकुनाला ठेकेदाराच्या तक्रारीबद्दल विचारलं. त्याने दोन जुन्या वह्या चाळल्या. तक्रार नाहीच. त्या माणसाने कधी दिलीच नव्हती, नुसती धमकी दिली होती. तू आणि बाबा आठ वर्षं ज्याला घाबरलात ते कुणी लिहिलंच नव्हतं. मला त्या बाकावर रडावं की हसावं कळेना.

ऑपरेशनची काळजी करू नकोस. डॉक्टरांनीच तारीख पुढे टाकली, एप्रिलच्या शेवटी. घाई नाही म्हणाले. तोवर तुझे कागद होतील. बाबा वाट बघतायत.

ताई

२ एप्रिल

ताई,

हजार शिव्या घाल, कमीच पडतील. पत्र वाचून रुळाजवळच बसलो खाली, पाच चादरी जमिनीवर पडल्या, परत धुवायला गेल्या. मुकादम धावत आला. लंबूने माझ्याकडे आणि पत्राकडे बोट केलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मुकादमाने पडलेल्या चादरी स्वतःच उचलल्या आणि गेला. मला ते बघून जास्तच रडू आलं.

बाबा स्टेशनवर ओरडले! आपले बाबा! मी जन्मात ऐकलं नाही. कसा होता गं आवाज, ओरडताना?

आता कामाचं. वकिलातीत गेलो. नवा अहवाल अजून पोचलेला नाही. आणि पोचला तरी लगेच होत नाही, एकदा मयत लिहिलेला माणूस जिवंत करायला वरच्या साहेबाची सही लागते म्हणे. बाईने माझ्याकडे बघून हळूच सांगितलं, "मारायला एक सही पुरते, उठवायला तीन." आता ती मला ओळखते. मी रांगेत दिसलो की लांबूनच मान हलवते, आलं नाही म्हणून.

पण एप्रिलची अखेर म्हटल्यावर जीव भांड्यात पडला. खोलीत बॅग भरून ठेवली आहे. खोली म्हणजे तीन खाटा आणि एक खिडकी, बॅग माझ्या खाटेच्या पायथ्याशी, पाय लांब करता येत नाहीत. असू दे, पाय दुमडून झोपतो. बाबांना सांग, थांबा. मी आल्याशिवाय गळ्याला कुणाला हात लावू देऊ नका. जे बोलायचंय ते माझ्या तोंडावर बोला. शिवी असेल तर शिवी.

भिंगरी

१३ एप्रिल

भिंगरी,

वाण्याच्या फोनवरून परदेशात फोन लागत नाही, म्हणून हे चार दिवसांत पोचवणाऱ्या टपालाने धाडतेय, कारण आता वेळ नाही. मी तुझ्याशी खोटं बोलले.

डॉक्टरांनी तारीख पुढे टाकली नव्हती. वीस मार्चला सकाळी आम्ही हॉस्पिटलात होतो. बाबांना हिरवा अंगरखा घातला होता. नर्स ढकलगाडी आणायला गेली आणि ते उठले, अंगरख्यावरच आपला सदरा चढवला आणि चालायला लागले. मी मागे पळतेय, नर्स मागे पळतेय. फाटकापाशी गाठलं. म्हणाले, "तो येतोय ना?" मी हो म्हटलं. "मग."

मी डॉक्टरांच्या पाया पडले, बाबांपुढे हात जोडले. काही उपयोग नाही. मग वाटलं, तू लवकर आलास तर सगळंच सुटेल. तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? कुठल्या तरी बोटीत लपून निघाला असतास. म्हणून लपवलं. मग तुझं पत्र आलं, 'गळ्याला कुणाला हात लावू देऊ नका'. मी ते बाबांना मोठ्याने वाचत गेले, आधीच डोळ्यांनी पुढे बघायला हवं होतं. बाबांनी मान डोलावली. "बघ," म्हणाले, "त्यालाही तेच वाटतं."

आता गाठ मानेला बाहेरून दिसते. पाणीही थांबून थांबून जातं. परवा डॉक्टर घरी आले, चांगला माणूस आहे. मला ओट्यापाशी नेऊन म्हणाले, "या महिन्याच्या अखेरपर्यंत. त्यानंतर मी चाकू लावणार नाही, लावून उपयोग नसेल."

मी बाबांना सांगितलं, तो ऑपरेशननंतर येईल. विश्वास नाही. म्हणाले, तू बनवून सांगतेस. तुझंच अक्षर लागतं त्यांना. वाचता येत नाही, पण ओळखतात, वर चढत जाणाऱ्या ओळी, मुंग्यांच्या रांगेसारख्या.

काय लिहायचं ते तू ठरव. महिनाअखेरच्या आत येणं होत असेल तर तसं लिही. होत नसेल तर मला सुचत नाही.

ताई

१८ एप्रिल

ताई,

यात दोन कागद आहेत. दुमडलेला बाबांचा. तो त्यांना वाचून दाखव. हा तुझ्यासाठी, वाचून जाळ.

तुझं पत्र मिळालं तसा वकिलातीत धावलो. कामाचे कपडे तसेच. अहवाल पोचलाय. बाई म्हणाली, सह्या होऊन पासपोर्ट हातात यायला तीन आठवडे. मी म्हटलं, नवा राहू दे, एकदा घरी जाण्यापुरता काहीतरी कागद द्या. ती म्हणाली, त्यावर परत येता येणार नाही, बाहेर अडकलात तर कार्डही जाईल. मी कार्ड काढून तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, हे घ्या, मला नको, मला फक्त जायचंय. ताई, सात वर्षं ज्याच्यासाठी काढली ते मी काचेखालून सरकवलं आणि तिने ते परत सरकवलं. म्हणाली, वरून सही होईपर्यंत तुम्ही कागदावर मयतच आहात, मयताला एकेरी कागदही देता येत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तिचा दोष नाही.

म्हणजे मे उजाडणार. बाबांकडे तेवढे दिवस नाहीत.

खोलीवर येऊन मी तीन पत्रं लिहिली. पहिल्यात ऑपरेशन करून घ्या म्हणून विनवलं, फाडलं. विनवलं तर माझी ओढ कळेल आणि ते थांबतील. दुसऱ्यात लवकर येतो लिहिलं, तेही फाडलं. मी येणार असेन तोवर ते थांबणारच. म्हणून तिसरं. ते वाचताना काही गाळू नकोस, तुला सवय आहे. 'अडलं नाही' तिथे तुझा आवाज फुटेल, तो फुटू देऊ नकोस. ते बघत असतील.

भिंगरी

बाबा,

ताई वाचेल, तुम्ही ऐका. मी येत नाही. पासपोर्टचं काम झालंय, पण मलाच यायचं नाही. इथे माझं बरं चाललंय, नवं काम आहे, नवी माणसं आहेत. तिकडे येऊन मी काय करू? मागे काय झालं ते मला आठवायचंही नाही.

तुम्हाला काही बोलायचंय असं ताई म्हणते. मला ऐकायचं नाही. माझी वाट बघू नका. आठ वर्षं नव्हतो तेव्हा तुमचं काही अडलं नाही, आताही अडणार नाही. ऑपरेशन करा की करू नका, गळा तुमचा आहे. ताईला त्रास देऊ नका एवढंच.

तुमचा मुलगा

५ मे

भिंगरी,

बाबा जिवंत आहेत. हे आधी, म्हणजे तुला खालपर्यंत धावत यायला नको.

बावीस तारखेला दुपारी वाचलं. एकही शब्द गाळला नाही. ते खाटेवर बसून ऐकत होते, तुझ्याच खाटेवर. झाल्यावर म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. मग कागद मागून घेतला, उजेडाकडे धरला, ओळींवरून बोट फिरवलं. "अक्षर त्याचंच आहे." एवढंच.

दोन दिवस काही नाही. काम नाही, हूं नाही. पंचवीसला सकाळी मी उठले तर आंघोळ करून, सदरा घालून दारात उभे. "चल."

आत नेण्याआधी मी पुन्हा विचारलं. वही-पेन्सिल घेऊन गेले होते. म्हटलं, बाबा, त्याला जे सांगायचं होतं ते आता मला सांगा, शेवटचं, मी लिहून ठेवते. ते छताकडे बघत होते. म्हणाले, "ते त्याचं होतं. त्याला नकोय तर संपलं." मग नर्सला म्हणाले, "ढकला." तोच शेवटचा शब्द. नर्सला.

पाच तास लागले. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडा गेला असता तर हात लावला नसता. गाठ सगळी निघाली. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात, वर ओला फडका. तू वाचवलंस त्यांना. हे मी लिहून देते तुला.

पण मला ते धरून ठेवता आलं नाही रे. सहाव्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि मी सांगून टाकलं. ते पत्र खोटं होतं. त्याला यायचं होतं, तो कार्ड परत करायला निघाला होता, तुम्ही ऑपरेशन करावं म्हणून त्याने तसं लिहिलं. ते वळले. मग तोंड उघडलं. सवयीने. ओठ हलले, आठ-दहा शब्द असतील. आवाज नाही, गळ्यातून नुसती हवा. मला कळलं, हे तेच आहे. तुझं.

मला कळेना. मी म्हटलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं, सावकाश. मी ओठांकडे बघते, 'तू' वाटतं, 'हात' वाटतं, बाकी काही हाती लागत नाही. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा त्यांना घाम फुटला, फडका भिजला. मला बघवेना. मी म्हटलं, "हो बाबा, कळलं. सांगते त्याला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं. आपण तिघंही एकमेकांशी इतकं खोटं बोललो आहोत की आता चेहऱ्यावरच ओळखतो.

तेव्हापासून त्यांनी ओठ मिटलेत. पाणी हवं असेल तर बोट करतात.

मी काय करायला हवं होतं, तू सांग.

ताई

१६ मे

ताई,

तुझं काही चुकलं नाही. मीही 'कळलं'च म्हणालो असतो. बघवत नाही तेव्हा माणूस तेच म्हणतो.

जुना पासपोर्ट अकराला संपला. नवा काल मिळाला. खिडकीवरच्या बाईने तो हातात देण्याआधी माझा फोटो आणि मी, दोन्हींकडे बघितलं आणि म्हणाली, "जा." मी तिथे उभाच राहिलो. मग ती म्हणाली, "अहो, घरी जा."

शनिवारी निघतो, सोमवारी दुपारी पोचेन. मुकादमाने तीन आठवडे दिलेत. मी जास्त राहणार आहे, त्याला अजून सांगितलं नाही.

बाबांना सांग मी येतोय, पण काही विचारू नकोस. वही पुढे करू नकोस, डॉक्टरांनी आवाजाचं कसलं यंत्र सुचवलं तर ते आत्ता नको. मी आलो की त्यांच्यासमोर बसेन. ते तोंड उघडतील, कदाचित नाही उघडणार. उघडलं तर तू खोलीतून जा. मला कळलं नाही तर मी 'कळलं नाही' म्हणेन. चारदा सांगितलं, चारदा म्हणेन, नाही बाबा, नाही कळलं, परत. ते चिडतील, भिंतीकडे वळतील, मी खाटेच्या त्या बाजूला जाऊन बसेन. दुसऱ्या दिवशी परत. जन्मभर नाही कळलं तरी 'हो' म्हणणार नाही.

भिंगरी